मुक्तस्रोताचे पाटकरी

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून शिरणाऱ्या तरुणाकडे पाहण्याच्या दोन रीती सध्या रूढ आहेत. महाविद्यालये आणि नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या त्याच्या कामाला बायोडेटातील एक वजनदार ओळ मानतात, तर मुक्तस्रोताचे चाहते त्याच कामाला दान, समाजसेवा, ज्ञानयज्ञ अशी नावे देतात. वरवर विरोधी वाटणाऱ्या या दोन्ही दृष्टी एकाच गृहीतकावर उभ्या आहेत, आणि ते असे की काम म्हणजे काहीतरी नवे लिहून देणे, व ते देऊन झाले की देणाऱ्याचा संबंध संपला. पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाच्या, म्हणजे या क्षेत्रातील रोजच्या भाषेत ‘मेंटेनर’च्या, बाबतीत हे गृहीतक साफ चुकते. मेंटेनर होणे म्हणजे अनोळखी माणसांच्या वतीने एक जबाबदारी अंगावर घेणे होय. या जबाबदारीचे मोल सातत्यात, निर्णयशक्तीत आणि वेळ येताच ती नीट दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात असते. आणि मराठीसारख्या भाषेच्या समाजाला आज नवे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपेक्षा असलेले सांभाळणाऱ्यांची निकड अधिक आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नाशिकला समोर ठेवून हे मांडण्यास कारण आहे. २०१५ च्या सिंहस्थाची तयारी म्हणून येथे कुंभथॉनची शिबिरे भरली, मूळचे नाशिकचे असलेले रमेश रासकर आणि एमआयटी मीडिया लॅब यांचा त्यांत पुढाकार होता, आणि पुढे टीसीएस फाउंडेशनचे डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर या शहरात उभे राहिले. नवकल्पनांना वाव देणारी ही परंपरा मोलाचीच आहे. मात्र अशा शिबिरांत, म्हणजे हॅकेथॉन नावाच्या प्रकारातच, एक मर्यादा असते: त्यात आरंभाला पारितोषिक मिळते, सांभाळाला मिळत नाही. याच जिल्ह्याच्या उत्तर भागात सांभाळण्याची एक फार जुनी व्यवस्था नांदली आहे, आणि मेंटेनरचे काम समजून घ्यायला ती पारितोषिकांपेक्षा अधिक उपयोगी पडते. तिचा विचार पुढे येईलच.

१. पॅकेज म्हणजे नेमके काय

एखाद्या प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुला असला तरी तो जसाच्या तसा कोणाच्या संगणकावर चालत नाही. तो ज्या इतर प्रोग्रामांवर आणि लायब्ररींवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या तयार भागांवर, अवलंबून असतो ते सर्व योग्य आवृत्तीत हजर असावे लागतात. फायली ठरलेल्या जागी पडाव्या लागतात. जुनी आवृत्ती काढून नवी बसवताना वापरणाऱ्याने केलेल्या जुळण्या पुसल्या जाऊ नयेत याची तजवीज करावी लागते. ही सारी माहिती आणि तयार प्रोग्राम एकत्र बांधलेला संच म्हणजे पॅकेज, आणि अशा हजारो पॅकेजांचा एकमेकांशी जुळवलेला संग्रह म्हणजे डिस्ट्रिब्युशन. इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी घोषित केलेला डेबियन हा अशा संग्रहांपैकी सर्वांत जुन्या आणि मोठ्या संग्रहांत गणला जातो. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजे होती. त्यांतली ११,०८९ नवी होती, आणि ६,२९६ हून अधिक जुनी पॅकेजे कालबाह्य ठरवून काढून टाकली होती. या शेवटच्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. काय ठेवू नये हे ठरवणे, आणि ज्यांचे काम त्यावर चालले होते त्यांना पर्याय दाखवून ते काढणे, हेही मेंटेनरचेच काम आहे.

पॅकेजच्या सोर्समध्ये ‘डेबियन’ नावाचाच एक फोल्डर असतो आणि मेंटेनरचे बहुतेक लेखन त्यात सामावते. त्यातील ‘कंट्रोल’ फाइल पॅकेजचे वर्णन, त्याची अवलंबने आणि ते सांभाळणाऱ्याचे नाव सांगते. ‘कॉपीराइट’ फायलीत कोणत्या फायलीवर कोणाचा हक्क आणि कोणता परवाना आहे याची नोंद असते, आणि ती करण्यासाठी पॅकेजमधील फायली एकेक करून डोळ्यांखालून घालाव्या लागतात, कारण मुक्त म्हणवल्या जाणाऱ्या प्रकल्पाच्या एखाद्या कोपऱ्यात मुक्त नसलेले चित्र किंवा फॉन्ट पडून असणे ही नेहमीची बाब आहे. ‘चेंजलॉग’मध्ये प्रत्येक बदल, तो कोणी केला आणि कोणत्या तारखेला केला हे लिहिले जाते, आणि ही वही पॅकेजबरोबर प्रत्येक वापरणाऱ्याच्या यंत्रावर जाते. ज्याला हे काम कारकुनी वाटते त्याने एवढा विचार करावा की जगभरचे सर्व्हर ज्या वहीवर विसंबून असतात ती वही लिहिणारा कारकून आपल्या प्रत्येक नोंदीला नावानिशी बांधलेला असतो.

मेंटेनरची निष्ठा तीन दिशांना वाटलेली असते. मूळ प्रकल्प लिहिणाऱ्यांना, ज्यांना येथे ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, आपली नवी आवृत्ती लवकर पोचावी असे वाटते. वापरणाऱ्याला चालू असलेले बिघडू नये असे वाटते. आणि डिस्ट्रिब्युशनला सगळी पॅकेजे परस्परांशी जुळलेली हवी असतात. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सुरक्षेचा दोष सापडला तर सहसा नवी आवृत्ती आणली जात नाही. नव्या आवृत्तीतील नेमकी तेवढी दुरुस्ती वेगळी काढून जुन्या आवृत्तीवर बसवली जाते. दुसऱ्याने लिहिलेले समजून घेऊन त्यातील किती घ्यावे आणि किती सोडावे हे ठरवण्याची ही कला, स्वतः लिहिण्यापेक्षा कमी दर्जाची मानण्याला काहीही आधार नाही.

२. फड पद्धतीतून मिळणारी दृष्टी

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण व मालेगाव भागांत मोसम आणि आरम नद्यांवर, तसेच शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर, काही शतके फड पद्धतीचे सिंचन चालत आले. नदीवर बांधलेला दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, त्या पाटाखाली येणारे थळ आणि त्या थळाचे पाडलेले फड असे तिचे स्वरूप होते. एका फडात एकच पीक घ्यायचे आणि ते वर्षागणिक बदलत न्यायचे, हे सामूहिक निर्णयाने ठरे. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पिकांची राखण करी, हवालदार देखरेख ठेवी, आणि हंगामापूर्वी पाटाची साफसफाई थळातील शेतकरी मिळून करीत. बंधारा कोणी बांधला हे पुढच्या पिढ्या विसरल्या तरी व्यवस्था चालू राहिली. पण पाटातला गाळ एखाद्या वर्षी काढलाच नसता तर शेवटच्या शेताला त्या वर्षी पाणी पोचले नसते.

या व्यवस्थेतील पाटकऱ्याचे स्थान विचारात घेण्याजोगे आहे. पाणी त्याच्या मालकीचे नसते, शेतही त्याचे नसते, तरीही कोणाला किती वेळ पाणी मिळेल हे त्याच्या हातात असते, आणि त्याचा हा अधिकार तो नियमाने वागतो तोवरच टिकतो. मेंटेनरचीही स्थिती तीच असते. प्रोग्राम त्याने लिहिलेला नसतो, संगणक त्याचा नसतो. मधला पाट तेवढा त्याच्या हाती असतो. मालकी आणि अधिकार यांची अशी फारकत ज्याला नीट कळली नाही तो दोनपैकी एका चुकीत पडतो. एक तर तो पॅकेजला वतन समजू लागतो आणि दुसऱ्याने दुरुस्ती सुचवली की त्याचा अपमान होतो, किंवा ‘मी तर फुकट करतो’ असे म्हणून उत्तरदायित्वच झटकतो.

मात्र ही तुलना एका महत्त्वाच्या जागी थांबते, आणि मेंटेनरच्या कामाची खरी अडचण तिथेच सुरू होते. थळातले शेतकरी पाटकऱ्याला ओळखत. त्याने पक्षपात केला तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच वाटेने जावे लागे. मेंटेनर आपल्या वापरणाऱ्यांना कधीच पाहत नाही, आणि वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते. गावात डोळ्याला डोळा भिडण्याच्या भीतीने जे साधत होते ते येथे लेखी नियम, जाहीर नोंदी आणि डिजिटल सही यांनी साधावे लागते. डेबियनमध्ये प्रवेश करणाऱ्याने स्वतःची गुप्त किल्ली तयार करून त्याच किल्लीने सही करायची असते, आणि ही किल्ली त्याचीच आहे याची खात्री आधीच्या सदस्याने, शक्यतो प्रत्यक्ष भेटून आणि ओळखपत्र पाहून, दिलेली असावी लागते. अशी व्यक्ती आपल्या गावात नसेल तर नाशिकच्या उमेदवाराला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते, किंवा एखाद्या मेळाव्याची वाट पाहावी लागते. डेबियनची वार्षिक जागतिक परिषद भारतात प्रथम सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे भरली. इंटरनेटवर चालणाऱ्या कामासाठी माणसाला माणसाने भेटण्याची अट अनेकांना विसंगत वाटते. प्रत्यक्षात समोरासमोर असण्याचा तेवढा एक धागा शिल्लक ठेवण्यासाठीच ती आहे.

३. २००८: चांगल्या हेतूने झालेली चूक

मेंटेनरच्या निर्णयाचे वजन किती असते हे डेबियनच्याच इतिहासातील एका प्रसंगातून पुरेसे स्पष्ट होते. ओपनएसएसएल ही सांकेतिक लेखनाची लायब्ररी सुरक्षित संपर्कासाठी लागणाऱ्या किल्ल्या तयार करते, आणि त्या किल्ल्यांची ताकद त्यांच्यामागच्या यादृच्छिक संख्यांच्या अंदाज न येण्यावर अवलंबून असते. २००६ मध्ये, स्मृतीच्या वापरातील चुका दाखवणाऱ्या एका तपासणी साधनाच्या सूचना बंद व्हाव्यात म्हणून, डेबियनच्या पॅकेजात दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. बदल वरवर निरुपद्रवी होता, त्याविषयी अपस्ट्रीमच्या मंडळींना आधी विचारलेही होते. पण त्यातील एका ओळीबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा स्रोतच बंद पडला आणि केवळ प्रक्रियेचा क्रमांक उरला. हा क्रमांक जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंत जात असल्याने एकेका प्रकारच्या यंत्रावर एकेका जातीच्या किल्लीचे तेवढेच पर्याय शिल्लक राहिले. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला तेव्हा डेबियनवर आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींवर मधल्या काळात तयार झालेल्या किल्ल्या टाकून द्याव्या लागल्या.

या प्रसंगाचा नेहमी काढला जाणारा निष्कर्ष असा की मेंटेनरने मूळ कोडला हात लावू नये. तो उथळ आहे. हात न लावता सुरक्षा-दुरुस्त्या जुन्या आवृत्तीवर बसवताच येत नाहीत, आणि अपस्ट्रीमने केलेल्या प्रत्येक बदलावर डोळे मिटून विश्वास ठेवणे हे पुढच्या भागातील २०२४ च्या प्रसंगाने किती घातक ठरू शकते ते दाखवून दिले. खरा दोष होता तो बदल एकट्याच्या नजरेखालून जाऊन दीड वर्षाहून अधिक काळ तसाच राहण्यात. त्याचे उत्तर म्हणून केलेला प्रत्येक बदल कारणासह सुटा लिहून ठेवणे, तो अपस्ट्रीमला पाठवणे आणि त्यांनी तो स्वीकारला की नाकारला हे नोंदवणे, या रीती पुढे अधिकाधिक रुजत गेल्या. जबाबदारी घेणारा चुकणारच नाही अशी अपेक्षा कोणतीही व्यवस्था करू शकत नाही. चूक कोणाला, कुठे आणि कशी दिसेल याची सोय मात्र ती करू शकते.

४. २०२४: विश्वासालाच लावलेला सुरुंग

दुसरा प्रसंग याहून गंभीर आहे, कारण त्यात हेतूच वाईट होता. फायली दाबून लहान करणारी ‘एक्सझेड’ ही साधने आणि त्यांची लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते, आणि ती प्रामुख्याने लासे कॉलिन हे एकटे, बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळत होते. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून तेथे उपयुक्त बदल पाठवायला सुरुवात केली. २०२२ मध्ये इतर काही नावांनी, काम संथ चालले आहे, नवा मेंटेनर का नेमत नाही, असा तगादा लावला गेला. कॉलिन यांनी आपल्या प्रकृतीच्या अडचणी आणि हे काम विनामोबदला चालते ही वस्तुस्थिती सांगितली तरी दबाव थांबला नाही. अखेर अधिकार वाटून दिले गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मधील आवृत्तीत चोरदरवाजा आला. तो उघड्यावर असलेल्या सोर्स-भांडारात पूर्णपणे दिसत नव्हता. त्याला जागे करणारा तुकडा केवळ प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात घातला होता.

हा चोरदरवाजा दूरस्थ प्रवेशाच्या ओपनएसएसएच सर्व्हरपर्यंत कसा पोचत होता हे मेंटेनर होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे. मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. सर्व्हर सुरू झाल्याची वर्दी ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थेला मिळावी म्हणून डेबियनसह काही डिस्ट्रिब्युशनांनी आपल्या पॅकेजात एक छोटी जोड दिली होती, तिच्यामुळे एक लायब्ररी आत आली आणि त्या लायब्ररीच्या पाठोपाठ एक्सझेड आले. म्हणजे सोयीसाठी केलेल्या एका जोडणीने वाट खुली केली होती. नवी आवृत्ती डेबियनमध्ये लवकर घ्यावी यासाठीही त्याच काळात तगादा लावण्यात आला. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस प्रणालीच्या विकसकाला डेबियनच्या अस्थिर शाखेवर चाचण्या घेताना लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले, त्याने त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे उघड केले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत दोषी कोड पोचला नव्हता.

या घटनेवरून ‘स्वयंसेवकांवर विसंबणेच चूक’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. घटनाक्रम त्याच्या उलट सांगतो. हल्लेखोराने पहिला घाव कोडवर घातला नाही, एका थकलेल्या माणसाच्या एकटेपणावर घातला. कारण ही व्यवस्था ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती माणसाची विश्वासार्हता आहे हे त्याने नेमके ओळखले होते. बचावही झाला तो नव्या आवृत्त्या आधी अस्थिर शाखेत मुरू देण्याच्या जुन्या, संथ वाटणाऱ्या शिस्तीमुळे आणि कोणाच्याही परवानगीविना आतपर्यंत जाऊन पाहण्याच्या मुभेमुळे. ‘जिया तान’ने बायोडेटावाल्या दृष्टीच्या सर्व कसोट्या उत्तम गुणांनी पार केल्या होत्या, कारण त्याचे योगदान संख्येने भरपूर होते. त्या कसोट्या चुकीची गोष्ट मोजतात याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

५. मराठी अक्षरे कोण सांभाळतो

सर्व्हर आणि किल्ल्या यांचा विचार नाशिकच्या वाचकाला दूरचा वाटत असेल तर त्याने संगणकावरील मराठीकडे पाहावे. ‘ॲ’ हे अक्षर घेतले तरी पुरे. मराठीत ते शाळेपासून लिहिले जाते, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाले; तोवर ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवले जाई. सांकेतिक स्थान मिळाले म्हणजे अक्षर वापरणाऱ्याच्या पडद्यावर आले असे होत नाही. फॉन्टमध्ये त्याचा आकार काढावा लागतो, कीबोर्डच्या मांडणीत त्याला कळ द्यावी लागते, शब्दांचा अकारविल्हे क्रम लावणाऱ्या नियमांत त्याची जागा ठरवावी लागते, शुद्धलेखन तपासणाऱ्या शब्दसंग्रहात जुन्या जोडणीने लिहिलेले शब्द बदलावे लागतात. आणि नवे अक्षर जुन्या जोडणीला तांत्रिकदृष्ट्या समान मानले जात नसल्याने जुन्या मजकुरात ते शोधले तर सापडत नाही. या प्रत्येक टप्प्यावर एक वेगळे पॅकेज आहे, आणि प्रत्येक पॅकेजमागे कोणीतरी असावे लागते. साखळीतील एक कडी झोपलेली असेल तर बाकीच्यांचे काम वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि त्याला फक्त एक रिकामा चौकोन दिसतो.

देवनागरीच्या मुक्त फॉन्टांची परंपरा लहान नाही. ‘गार्गी’ हा आरंभीच्या मुक्त ओपनटाइप फॉन्टांपैकी एक; रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त केलेल्या ‘लोहित’ संचावर तिच्या पुणे कार्यालयात दीर्घकाळ काम झाले. डेबियनमध्ये लोहितच्या देवनागरी फॉन्टाबरोबर मराठीसाठी वेगळे पॅकेज केले गेले, कारण मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतल्याहून वेगळी आहेत आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा ‘र’ मराठीला हवाच असतो. ही निवड बिनचूक झाली की नाही हे ज्याला डोळ्याने कळते असा माणूस मराठी वाचणाराच असणार. फिनलंडमधील किंवा ब्राझीलमधील मेंटेनर कितीही निष्णात असला तरी ‘श’चे वळण चुकल्याचे त्याला जाणवणार नाही. तज्ज्ञता म्हणून जे मागितले जाते त्याचा एक भाग अशा रीतीने प्रत्येक सुशिक्षित मराठी माणसाकडे आधीच असतो.

भारतीय भाषांच्या पॅकेजांसाठी डेबियनमध्ये एक सामाईक गट होता आणि त्याचा पत्ता ‘अलिऑथ’ या जुन्या सेवेवर होता. २०१८ मध्ये ती सेवा बंद झाली, तेव्हा त्या पत्त्यांवर नोंदलेल्या पॅकेजांच्या सांभाळाची व्यवस्था नव्याने लावावी लागली. कोणी दुष्टपणा केला नव्हता, कोणतेही अक्षर त्या दिवशी पडद्यावरून गेले नाही. फक्त ‘जबाबदार कोण’ या प्रश्नाचे उत्तर काही काळ पुसट झाले. भाषेचे नुकसान बहुधा अशाच पावलांनी येते. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन साजरा करणाऱ्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेल्या अभिजात दर्जाचा योग्य तो अभिमान बाळगणाऱ्या समाजाने कुसुमाग्रजांच्या कर्मभूमीत, नाशिकमध्ये, तरी हा प्रश्न तांत्रिक म्हणून बाजूला सारू नये.

६. आक्षेप

सर्वांत सबळ आक्षेप पैशाचा आहे. ज्या कंपन्या या पॅकेजांवर अब्जावधींचा व्यवसाय करतात त्यांच्यासाठी नाशिकच्या विद्यार्थ्याने रात्री का जागाव्यात? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला ‘सेवाभाव’ हे उत्तर देणे अन्यायाचे आहे. कॉलिन यांचा अनुभव नजरेसमोर असताना तर अधिकच. सांभाळणाऱ्यांना पैसा मिळालाच पाहिजे, आणि झेरोधा या शेअर-दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी जाहीर केला हे पाऊल म्हणूनच स्वागतार्ह आहे. परंतु मोबदला आणि स्वायत्तता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पगारी मेंटेनरला मालक दुसऱ्या कामावर लावतो तेव्हा पॅकेज उघडे पडते, आणि मराठी फॉन्टासारख्या वस्तूत कोणत्याही मालकाला फार काळ रस राहील याची खात्री देता येत नाही. डेबियनच्या घटनेत तर कोणालाही काम करण्याचे बंधन नाही असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे येथील जबाबदारी लादलेली नसते, पत्करलेली असते. आणि पत्करलेली असल्यामुळेच ती वेळेवर सोडून देण्याचीही मोकळीक त्यात असते. ही मोकळीक न वापरता नावापुरते पदावर राहणे हा मात्र दोष होय.

दुसरा आक्षेप तंत्राचा. प्रोग्राम आणि त्याची सर्व अवलंबने एकाच बंद डब्यात भरून पाठवण्याची कंटेनर पद्धत आल्यावर डिस्ट्रिब्युशनचे पॅकेज कालबाह्य झाले, असे म्हटले जाते. परंतु त्या डब्यांचा तळ बहुधा डेबियन किंवा तत्सम डिस्ट्रिब्युशनचाच असतो. पायथॉनची प्रचलित कंटेनर-प्रतिमा डेबियनवरच बांधलेली आहे. शिवाय एका लायब्ररीत दोष सापडला की डिस्ट्रिब्युशनमध्ये ती एका जागी दुरुस्त होते, तर बंद डब्यांत ती ज्या ज्या डब्यात भरली गेली असेल तिथे तिथे स्वतंत्रपणे शोधावी लागते. काम नाहीसे झालेले नाही, ते दिसेनासे झाले आहे, आणि दिसेनासे झालेले काम करणारा मिळणे अधिक कठीण असते.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम करील, या आक्षेपावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. कोड लिहिणे जितके स्वस्त होईल तितके कोणता कोड आत घ्यावा हे ठरवणारा विवेकी माणूस महाग होईल. यंत्राने रचलेल्या, वरकरणी पटणाऱ्या पण खोट्या दोष-अहवालांचा भार कर्लसारख्या प्रकल्पांच्या मेंटेनरांनी आधीच जाहीरपणे मांडला आहे.

चौथा आक्षेप क्वचित मांडला जातो, पण तोच सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. स्वयंसेवेला फावला वेळ लागतो, आणि फावला वेळ समाजात सारखा वाटलेला नाही. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबातून आलेला विद्यार्थी, किंवा महाविद्यालयातून घरी परतताच स्वयंपाकघरात शिरावे लागणारी विद्यार्थिनी, यांना हे पद सहज परवडणारे नाही. याचे पूर्ण उत्तर मुक्तस्रोताच्या जगाकडे नाही. तरी एक गोष्ट हाती आहे: एकट्याचे पॅकेज ही रीत सोडून गटाने सांभाळण्याची रीत धरणे. गटात आठवड्याचे दोन तास देणाऱ्यालाही अर्थपूर्ण वाटा घेता येतो, परीक्षेच्या महिन्यात कोणी बाजूला झाले तर दुसरा पुढे होतो, आणि २००८ सारखी एकट्याच्या नजरेची चूक किंवा २०२२ सारखा एकट्यावरचा दबाव यांनाही आळा बसतो.

७. प्रवेश आणि हस्तांतर

नवशिक्या उमेदवाराची पहिली इच्छा स्वतःच्या आवडीचा नवा प्रोग्राम संग्रहात आणण्याची असते. तिला आवर घालावा. नवे पॅकेज म्हणजे नवे ओझे, आणि ते आणणारा वर्षभरात निघून गेला तर ते इतरांच्या डोक्यावर पडते. डेबियनमध्ये मदत हवी असलेल्या, नवा सांभाळणारा शोधणाऱ्या आणि पोरक्या झालेल्या पॅकेजांच्या जाहीर याद्या आहेत. त्यांतले एक निवडून, त्याचे साचलेले दोष-अहवाल वाचून, जे अहवाल जुने झाले आहेत ते तपासून बंद करणे हा उत्तम आरंभ ठरतो. उमेदवाराने तयार केलेले पॅकेज तो स्वतः चढवू शकत नाही. एखादा सदस्य ते तपासून आपल्या सहीने चढवतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात; असे काही काळ चालल्यावर उमेदवाराला ठरावीक पॅकेजांपुरता अधिकार मिळतो. ही वाट संथ आहे, आणि संथ असण्यातच तिचा अर्थ आहे.

हस्तांतराची बाजू याहून महत्त्वाची असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे. डेबियनमध्ये निष्क्रिय झालेल्यांची विचारपूस करणारा गट आहे, आणि उपेक्षित पॅकेज रीतसर नोटीस देऊन ताब्यात घेण्याची प्रक्रियाही आहे. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनमध्ये पोरके पॅकेज सहा आठवडे तसेच राहिले तर संग्रहातून निवृत्त केले जाते. हे उपाय माणूस न सांगता गेल्यावरचे आहेत. जाणाऱ्याने सांगून जावे, ही सवय लावण्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण तिथला प्रत्येक विद्यार्थी ठरलेल्या दिवशी जाणारच असतो.

नाशिकच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दरवर्षी कोऱ्या पानापासून सुरू होतो आणि तोंडी परीक्षेनंतर कपाटात जातो. त्याऐवजी एखाद्या विभागाने मराठीशी संबंधित चार-पाच पॅकेजे, म्हणजे एखादा फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, शुद्धलेखनाचा शब्दसंग्रह, ही गटाने सांभाळायला घ्यावीत. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पहिले सहा महिने केवळ दोष-अहवाल तपासावेत, चौथ्या वर्षी सही करणाऱ्या स्पॉन्सरबरोबर दुरुस्त्या कराव्यात, आणि गुणांचा मोठा वाटा नव्या वैशिष्ट्यांना न देता पुढच्या तुकडीसाठी लिहिलेल्या टिपणाला द्यावा. कोणते दोष उघडे आहेत, अपस्ट्रीमशी कशावर बोलणे चालू आहे, कोणता बदल का नाकारला आणि कोणत्या जागी शंका उरली आहे, हे त्या टिपणात असावे, आणि ते पुरेसे आहे की नाही हे परीक्षकाने न ठरवता ज्यांना ते वापरून पुढची दुरुस्ती करायची आहे त्या विद्यार्थ्यांनी ठरवावे.